पाठीवरचा

"पुरे आता," साळूबाई उशीत तोंड ठेवून म्हणाली, आणि दिवा तसाच राहिला.

महाडातल्या त्या भाड्याच्या खोलीत ती चटईवर पालथी पडली होती. चोळीची गाठ सोडलेली, लुगडं कमरेखाली सरकवलेलं, सगळी पाठ उघडी. पायांशी स्टुलावर नवरा, महिपती, बसला होता आणि त्याच्या हातात तो तांबडा दिवा होता. पत्र्याचं वाडग्यासारखं टोपण, आत कवठाएवढा बल्ब. डॉक्टर त्याला इन्फ्रारेड म्हणायचे, महिपती 'लाइट' म्हणायचा, साळूबाई त्याला काहीच म्हणत नसे. दिवा लागला की खोलीतली भिंत तांबूस होई, कोपऱ्यातला पाण्याचा हंडा तांबूस होई, आणि थोड्या वेळानं पाठीवर ऊब येई. आधी थंडीतल्या सकाळच्या उन्हासारखी, मग चुलीपुढं पाठ करून बसल्यासारखी. इथवर बरं वाटे. पण आज ती ऊब तिथं थांबली नव्हती. कण्याच्या डाव्या अंगाला एका जागी कुणी निखारा टेकवल्यासारखं झालं. तिला वाटलं, यांनी ऐकलंय, आणखी जरा हवं म्हणून धरून बसलेत. यंत्रातलं त्यांना कळतं. तिनं पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं, "पोळतंय, पुरे." दिवा हलला नाही. तिसऱ्यांदा काही मागायची तिला आयुष्यात सवय नव्हती. तिनं उशीचा अभ्रा दातांत धरला आणि पडून राहिली. शेजारच्या खोलीत कोर्टातल्या कारकुनाची बायको शिवणयंत्रावर काहीतरी शिवत होती, त्याचा आवाज भिंतीतून येत होता. तो थांबे, पुन्हा सुरू होई. साळूबाई त्या आवाजाला धरून राहिली. मग केव्हातरी बटण खटकलं आणि महिपती समाधानानं म्हणाला, "आज चांगला बसला शेक."

दुसऱ्या दिवशी दुपारी चोळी सोडली तेव्हा कापड पाठीला चिकटलं होतं. महिपतीनं पाहिलं आणि हातातला दिवा खाली ठेवला. मोठा फोड फुटून पाणी झालं होतं. तो उठून तिच्या डोक्याकडं आला, उकिडवा बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सांगायचं नाय?" तो म्हणाला.

"सांगितलं की."

"कधी?"

"दोनदा सांगितलं."

तो तिच्याकडं बघत राहिला, आणि तेवढ्यात साळूबाईला दिसलं की तो तिच्या डोळ्यांकडं बघत नाहीय. तो तिच्या तोंडाकडं बघतोय. तिचे ओठ मिटले तसा तो त्यांच्याकडं आणखी थोडं बघत राहिला, पुढं काही येतंय का म्हणून. मग त्यानं मान हलवली, "बरं, बरं," म्हणाला आणि खोबरेल तेलाची बाटली आणायला उठला.

ती पालथीच पडून राहिली आणि मागचं एकेक आठवायला लागली. सकाळी दूधवाला दार वाजवतो तेव्हा महिपती दाराकडं पाठ करून दाढी करत असतो आणि वळून बघत नाही. कारकुनाची बायको काही विचारते तर तो हसून मान डोलवतो, आणि एकदा तिनं, "काकूंचं दुखणं वाढलंय का?" असं विचारलं तेव्हाही तो असाच हसला होता. पोलादपूरहून येताना एस. टी.त कंडक्टर दोनदा ओरडला होता. वाडीतही शिमग्याला सगळे बापे अंगणात बसून हसायचे, आणि महिपती सगळे हसून झाल्यावर एकटा हसायचा. लोक म्हणायचे, मुंबईला राहून माणूस धिमा झाला. तिलाही तसंच वाटायचं, थोडा अभिमानही वाटायचा. तिनं त्याच्या गिरणीबद्दल इतरांकडून ऐकलं होतं, की साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पाऊल टाकलं की आपलाच आवाज आपल्याला येत नाही, शेकडो साचे एकदम धडधडतात, माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. तो तरणा होता तेव्हा तिथं शिरला आणि केस पिकल्यावर बाहेर पडला. त्यात कान कधी गेले कुणास ठाऊक. तिला ठाऊक नव्हतं. बायको असून तिला ठाऊक नव्हतं, आणि यात नवल तरी काय, असंही तिला लगेच वाटलं.

नवल नव्हतंच. लग्न झालं तेव्हापासून महिपती तिच्या वाट्याला सणासुदीला आला. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, रजा मिळाली तर मध्येच एखाद्या लग्नाला. यायचा तेव्हा घर माणसांनी भरलेलं असायचं. दिवसभर तो बाप्यांत, ती बायकांत. रात्री दिवा मालवल्यावर जे काय बोलणं व्हायचं ते कुजबुजून, कारण पडवीत सासू झोपलेली असे. तो "हं" म्हणायचा. आता तिच्या लक्षात आलं की त्या अंधारात तिची कुजबूज त्याला कधी पोचलीच नसणार. ती पोरीबद्दल, बैलाबद्दल, बांधाच्या भांडणाबद्दल सांगायची आणि तो "हं" म्हणायचा, आणि जाताना एस. टी.च्या पायरीवर उभं राहून, "सगळं ठीक हाय ना?" असं विचारायचा. मग तो गेल्यावर नांगरापासून मळणीपर्यंत सगळं तिच्यावर. डोंगरउतारावरची नाचणी, वरी, खालच्या खाचरातला भात, जंगलातला लाकडाचा भारा, डोंगरावरचा गवताचा भारा. पाठ ही गोष्ट आपल्याला आहे हे तिला कधी आठवलं नाही. आणि मग महिपती गिरणी सोडून कायमचा घरी आला. एका सकाळी ती शेणाची पाटी उचलायला वाकली, ती वाकलीच राहिली. उसण भरली म्हणून वाडीतल्या पायाळू बाईचा पाय लावून झाला, मिठाची पुरचुंडी झाली, निर्गुडीचा पाला झाला. शेवटी तिला डोलीत घालून पोलादपूरला उतरवलं आणि तिथून महाडला. डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि सांगितलं की मणक्याजवळचे स्नायू आखडलेत, बरेच दिवस रोज दिव्याचा शेक द्यावा लागेल, आणि वजन उचलायचं नाही. वाडीत वीज नव्हती. मग महिपतीनं महाडात खोली घेतली, मुंबईच्या ओळखीच्या माणसाकडून दिवा मागवला, शेत चुलत्याच्या मुलाकडं, कोंडाजीकडं दिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या दोघांच्या घरात तिसरं माणूस नव्हतं. साळूबाईला वाटलं होतं, आता बोलणं होईल. पण दोघं समोरासमोर बसून भाकरी खात, आणि भाकरी संपली की तो वर्तमानपत्र उघडी आणि ती भिंतीकडं बघे.

फोड बरा होईपर्यंत शेक बंद होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा महिपतीनं एक युक्ती ठरवली. आपण कानानं कमी आहोत असं काही तो म्हणाला नाही. म्हणाला, "तुझं तोंड उशीत असतं, आवाज दबतो. पोळलं तर पाय हलव. मी बंद करीन." ती बरं म्हणाली. त्याची लाज तिनं झाकली.

त्याच दुपारी ती बोलायला लागली. ठरवून नाही. पाठीवर ऊब आली आणि तिला आपल्या माहेरचं, शिवथरचं अंगण आठवलं, थंडीत आजी भिंतीला पाठ टेकून बसायची ते. "आमची म्हातारी अशीच बसायची उन्हात," ती उशीत म्हणाली. मागून काही आलं नाही. "हं"सुद्धा नाही. तेव्हा तिला विचित्र मोकळं वाटलं. भरल्या घरात जन्म काढला होता, तिचं प्रत्येक वाक्य कुणीतरी पकडायचं, उलटवायचं, बनुबाईच्या म्हणजे सासूच्या कानावर घालायचं. इथं माणूस जवळ होता, तिच्यासाठी हात अवघडून बसला होता, आणि शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. ती रोज थोडं थोडं बोलायला लागली. म्हैस कशी कड्यावरून गेली. तुळजाला, त्यांच्या एकुलत्या पोरीला, देवी आल्या तेव्हा ती सहा कोस चालत डॉक्टर शोधत कशी गेली होती. येसाजी भाऊजींनी बांध कसा सरकवला, आणि ती एकटी बाई कोयता घेऊन बांधावर कशी उभी राहिली. तुळजाचं लग्न पाचाडला ठरलं तेव्हा महिपतीला रजा नव्हती, मुलाकडच्यांशी बोलणी करायला तीच बसली आणि बाप्यांसारखी बसली म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली. एक दिवस तर ती रागावलीसुद्धा. "तुम्ही पैसे धाडलेत, माणूस नाय धाडलंत," ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजानं दचकली. दिवा मागं शांत जळत होता. महिपतीनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, तेवढीच सावली भिंतीवर हलली.

पहिले काही दिवस शेक झाला की पाठ हलकी आणि मनही हलकं वाटायचं. पुढं तसं वाटेना. पाठ हलकी होत गेली, आणि उठून चहा ठेवताना छातीत काहीतरी रिकामं वाजायला लागलं. माणूस विहिरीत तोंड घालून बोलला तर आपलाच आवाज निदान परत येतो. इथं तेही नव्हतं. ती चहाची कपबशी महिपतीपुढं ठेवी, तो हसून बघे, आणि तिला वाटे, आत्ताच मी याला सगळं सांगितलं आणि याच्या तोंडावर त्यातलं काही नाही. आपण ज्याच्याजवळ रडलो तो हा नव्हे. तो दुसराच कुणी, पाठीमागं बसणारा, बिनतोंडाचा.

मग एका दुपारी महिपतीनं विचारलं, "हे कसलं गो?"

फोडाची जागा आता बरी झाली होती, तिथं गुलाबी कातडं आलं होतं. तिला वाटलं त्याबद्दलच विचारतोय. पण त्याचं बोट पाठीजवळ आलं, टेकलं नाही, आणि तरीही तिला ते कुठं आलंय ते कळलं. कमरेच्या उजव्या अंगाला, माकडहाडाच्या जरा वर. तिथला वण जुना होता, एरवी लुगड्याच्या काठाखाली झाकलेला. बोटभर लांब, आत ओढलेला. न्हाताना तिचा हात तिथं जाई आणि तिथून लगेच निघे. इतकी वर्षं तो तिथं होता आणि नवऱ्यानं तो पाहिला नव्हता. अंधारातला संसार, त्यात पाठ कोण बघतं.

लढाईची वर्षं होती ती. मुंबईत गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या, रजा मिळत नव्हत्या. शिमग्याला आलेला महिपती गणपतीला आला नाही. शिमग्यानंतर तिला दिवस गेले होते. बनुबाई म्हणाली, पक्कं होऊ दे, मग कळवू. पक्कं झालं, पोट दिसायला लागलं, तरी कळवलं नाही, आता गणपतीला येईल तेव्हा बघेलच म्हणून. तो आला नाही. आणि नवरात्र सरलं तेव्हा गवत कापायला साळूबाई डोंगरावर गेली, कारण जायला दुसरं कुणी नव्हतं. भारा डोक्यावर घेऊन उतरताना घसाऱ्यावर पाय सुटला. ती पाठीवर पडली आणि भारा तिच्यावर. तोडलेल्या कारवीचा खुंट कमरेत शिरला. त्याचं दुखणं तिला नंतर आठवलंच नाही. आठवलं ते दुसरं. घरी आणल्यावर पहाटेपर्यंत चाललेलं दुसरं, आणि बनुबाईनं फडक्यात गुंडाळताना हळूच म्हटलेलं, "मुलगा व्हता." पुन्हा कूस उजवली नाही. बनुबाईनंच घरात नि वाडीत सगळ्यांना बजावलं की बाप्याला हे कळवायचं नाय, तिकडं एकटा जीव, काळजीनं खाईल. पुढच्या शिमग्याला महिपती आला, तेव्हा दाखवायलाच काही उरलं नव्हतं. मग वर्षं गेली. भावकीनं त्याच्यामागं दुसऱ्या बायकोचं टुमणं लावलं, त्यानं ऐकलं नाही. एकदा फक्त म्हणाला होता, "आपल्या नशिबात एकच." त्या 'आपल्या' शब्दावर ती कितीतरी दिवस जगली, आणि त्या शब्दाखाली ते तिनं दाबून ठेवलं.

आता तिनं उशीत तोंड घातलं आणि सरळ सांगितलं, "तुळजाच्या पाठीवरच्याचं हाय ते. तो गेला तेव्हाचं." सांगून झालं. तिचे खांदे हललेले त्याला दिसले असावेत, कारण महिपती म्हणाला, "काय म्हणालीस?"

तिनं मान वळवली. एवढी वळवली की त्याला तिचं तोंड दिसावं. "काय नाय," ती म्हणाली. "भाऱ्याखाली पडलेली एकदा."

त्यानं मान डोलवली आणि दिवा पुन्हा नीट धरला.

त्यानंतर तिनं पालथं पडून बोलणं सोडलं. तोंड उघडलं की तेच पुढं येई. शेक मुकाट्यानं होऊ लागला. मधूनच महिपती विचारी, "आज बरी हायस ना?" बहुतेक त्याला तिच्या खांद्यांची, मानेची हालचाल दिसत होती इतके दिवस, आणि आता ती दिसत नव्हती. ती मान हलवी. डॉक्टरांनी पाठ तपासली आणि म्हणाले, छान सुधारणा आहे, आठवडाभर शेक घ्या आणि मग गावी गेलात तरी हरकत नाही, मात्र भारे आता बंद. महिपतीचा चेहरा फुलला. येताना त्यानं बाजारातून बोंबील घेतले, कोंडाजीला कुणाच्या तरी हाती निरोप दिला, आणि रस्ताभर पेरणीच्या गोष्टी बोलत राहिला. साळूबाई त्याच्यामागून हळूहळू चालत होती. तिला वाटलं, वर वाडीत गेलं की झालं. वर माणसं आहेत, अंगण आहे, कामं आहेत. हा पुन्हा बाप्यांत बसेल आणि सगळे हसल्यावर हसेल. तांबड्या उजेडातली ही खोली राहणार नाही, आणि त्याच्याजवळ सांगायची जागाही राहणार नाही, ऐकू न येणारीसुद्धा.

दुपारी त्यानं चटई घातली, वायर भिंतीला लावली आणि स्टूल ओढलं. साळूबाई पालथी पडली नाही. ती चटईवर त्याच्याकडं तोंड करून बसली. "पड की," तो म्हणाला. ती बसून राहिली. तिचे हात मांडीवर होते आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"तुळजाच्या पाठीवर मुलगा व्हता," ती म्हणाली.

तो तिच्या ओठांकडं बघत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. "पाठीवर?" तो काळजीनं म्हणाला. "परत दुखतंय? कुठं?" आणि त्यानं दिवा घ्यायला हात पुढं केला.

साळूबाईनं त्याचं मनगट धरलं. दिवसाउजेडी तिनं त्याला असं कधी धरलं नव्हतं. "पाठ नाय," ती मोठ्यानं म्हणाली. "मुलगा. तुळजाच्या पाठीवरचा. माझ्या पोटात व्हता. लढाईच्या साली. मी गवताच्या भाऱ्याखाली पडले नि तो गेला." तिला वाडीत शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय होती, तसा आवाज तिनं लावला. शेजारचं शिवणयंत्र थांबलं. तिला ते कळलं, पण आता मागं फिरायला जागा नव्हती. जी गोष्ट तिनं वाडीतल्या एका बाईजवळही कधी स्वतःच्या तोंडानं काढली नव्हती ती महाडात भिंतीपलीकडं गेली होती.

महिपतीचं तोंड थोडं उघडं राहिलं. त्यानं बटण बंद केलं, हात गुडघ्यावर ठेवले, ते पुन्हा उचलले.

"कुठं ठेवला त्याला?" त्यानं विचारलं.

"वरच्या बांधाला. ऐनाच्या बुडाशी."

ते ऐनाचं झाड त्यांच्या शेताच्या टोकाला होतं. गावी आला की महिपती पहिल्या सकाळी तिथं जाऊन बसायचा, बिडी ओढायचा, खालची दरी बघायचा. त्याला ती जागा आवडायची. साळूबाई अंगणातून बघायची, दर वर्षी, आणि घरात वळायची.

"मी बसतो तिथं," तो म्हणाला.

"हां."

"तू बघायचीस मला."

"हां."

त्यानं मान डोलवायला सुरुवात केली. तीच जुनी मान, सगळं कळलं असं सांगणारी. तिला ती ओळखू आली. त्याला कळलंय ते तेवढंच, एक झाड आणि एक मुलगा. मधलं सगळं राहिलं. गणपतीला वाट बघितलेली, तो डोंगर, बनुबाईचे शब्द, आणि त्यानंतरचे सगळे शिमगे. आता हा उठेल, चपला घालेल, नदीवर जाऊन बसेल. मग वर्तमानपत्र उघडेल.

पण मान मध्येच थांबली. तो स्टुलावरून उतरला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला, इतका जवळ की त्याच्या श्वासाला येणारा तंबाखूचा वास तिला आला. तो तिच्याकडं बघेना. चटईची एक काडी सुटली होती, ती तो बोटानं आत सारत होता.

"मला अर्धंच समजलं," तो म्हणाला. "कान गेलेत माझे. लई वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाय." मग त्यानं वर पाहिलं. डोळे लाल झाले होते, आणि पुन्हा तिच्या ओठांवरच आले. "पहिल्यापासून सांग. सावकाश सांग."

"शेजारी ऐकतील," ती म्हणाली.

"ऐकू दे."

भिंतीपलीकडं शिवणयंत्र अजून बंदच होतं. साळूबाईनं पदर सावरला, तोंड उजेडात येईल अशी जरा वळून बसली, आणि त्या वर्षीच्या शिमग्यापासून मोठ्यानं सांगायला लागली.